वाचकांचे प्रश्न : ‘बाई, हे खरं का?’

गेल्या अंकात मी अमेरिकेने युद्धकाळात नकाशावरून लपवून ठेवलेल्या तीन गावांबद्दल लिहिलं होतं : ओक रिज, हॅनफर्ड आणि लॉस अलामॉस. पहिले अणुबॉम्ब याच तीन ठिकाणी घडले; लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते ओपेनहायमर. त्यावर आलेल्या पत्रांत लेखाविषयी फारसं काही नाही. प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेली एकेक गोष्ट लिहून पाठवली आहे आणि खाली विचारलंय, ‘बाई, हे खरं का?’ पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हाही हा प्रश्न तास संपल्यावर, मी फळा पुसत असतानाच यायचा. तेव्हा घाईत उत्तर द्यावं लागे. आता घाई नाही.

प्रश्न : पहिल्या चाचणीचा स्फोट होताच ओपेनहायमर यांनी गीतेतला श्लोक मोठ्याने म्हटला, असं सगळीकडे वाचतो. त्यांना संस्कृत खरंच येत होतं, की ही आपल्या लोकांनी चिकटवलेली गोष्ट?

येत होतं. बर्कलीला आर्थर रायडर नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते. १९३३च्या सुमारास ओपेनहायमर त्यांच्याकडे शिकायला जात आणि गीता मुळातून वाचत. इथवर काही चिकटवलेलं नाही.

श्लोक मोठ्याने म्हटला, हे मात्र खरं धरू नका. चाचणी झाली १६ जुलै १९४५ला पहाटे साडेपाचला एक मिनिट कमी असताना, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात. रात्रभर पाऊस पडत होता, म्हणून ठरलेली वेळ पुढे ढकलली होती. ओपेनहायमर नऊ-एक किलोमीटरवरच्या खंदकघरात होते. त्यांचा भाऊ फ्रँकही तिथेच होता आणि त्याच्या आठवणीप्रमाणे ते दोघं एवढंच म्हणाले की, जमलं. डोळे पुसत श्लोक सांगणारे ओपेनहायमर आपण ज्या चित्रफितीत पाहतो, ती १९६५च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातली आहे, म्हणजे वीस वर्षांनंतरची. तिथेही ते ‘मला तो श्लोक आठवला’ असंच सांगतात. मनात आलं असेल. ओठांवर आल्याचा पुरावा नाही.

मला जास्त रस आहे तो भाषांतरात. मूळ शब्द ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धः’ असे आहेत, म्हणजे लोकांचा क्षय करणारा काळ मी आहे. रायडर यांनी आपल्या इंग्रजी गीतेत ‘काल’साठी मृत्यू हा शब्द वापरला आणि शिष्यानेही तोच उचलला. ‘काल म्हणजे वेळ, हे चुकलं’ अशी टीका त्यावर होत असते. मराठी माणसाने त्या वादात पडू नये. आपल्या भाषेत ‘काळ बदलला’ आणि ‘काळाने ओढून नेलं’ ही दोन्ही वाक्यं एकाच शब्दावर चालतात. इंग्रजीत दोहोंतला एक निवडावा लागतो आणि रायडरनी एक निवडला, एवढंच.

ज्या दोन संस्कृत वचनांचा अर्थ त्यांनी इतरांना ऐकवल्याची नोंद आहे, ती मात्र कुणी विचारत नाही. १२ एप्रिल १९४५ला अध्यक्ष रूझवेल्ट गेले. लॉस अलामॉसच्या शोकसभेत ओपेनहायमरनी सतराव्या अध्यायातलं ‘श्रद्धामयोऽयं पुरुषो यो यच्छ्रद्धः स एव सः’ (जशी श्रद्धा, तसाच माणूस) इंग्रजीत सांगितलं. आणि चाचणीच्या आदल्या दिवसांत, ताण असह्य झालेला असताना, अमेरिकेच्या युद्धकालीन संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हर बुश यांना त्यांनी भर्तृहरीचा एक श्लोक ऐकवला. युद्धात, रानात, समुद्रात, झोपेत, संकटात माणसाचं पूर्वीचं पुण्यच त्याला राखतं, अशा अर्थाचा. ‘वने रणे शत्रुजलाग्निमध्ये’ हे सुभाषित माझ्या पिढीने शाळेत घोकलेलं आहे. ते अणुबॉम्बच्या चाचणीच्या तोंडावर म्हटलं गेलं असेल, हे घोकताना स्वप्नातही आलं नव्हतं.

प्रश्न : अणुबॉम्बचा जनक आईन्स्टाईनच ना? माझा नातू म्हणतो नाही.

नातवाला शाबासकी द्या.

असा बॉम्ब बनू शकतो, असं अध्यक्ष रूझवेल्टना कळवणारं, आईन्स्टाईन यांची सही असलेलं पत्र २ ऑगस्ट १९३९चं आहे. त्यामागचा खटाटोप लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाचा. जर्मनीत हान आणि श्ट्रासमान यांनी डिसेंबर १९३८मध्ये युरेनियमचं केंद्रक फुटतं हे दाखवलं होतं, आणि हिटलरच्या हाती हे लागलं तर काय, या धास्तीने झिलार्ड झोपत नव्हता. पत्र रूझवेल्टना मिळालं ११ ऑक्टोबरला. तोवर युरोपात युद्ध पेटलेलं. त्यानंतर समिती नेमली आणि तिला किती पैसे दिले? सहा हजार डॉलर. पुढे हाच प्रकल्प सुमारे दोन अब्ज डॉलरला पडला. खुद्द आईन्स्टाईनना तर अमेरिकी लष्कराने गुप्त कामाची परवानगीच नाकारली. ते प्रकल्पात कधीच नव्हते.

राहिलं ते त्यांचं प्रसिद्ध समीकरण, E=mc². ते जमाखर्चाचं वहीपान आहे : किती वस्तुमान गेलं, किती ऊर्जा आली. हिरोशिमावर ६४ किलो युरेनियम टाकलं. त्यातलं एक किलोही फुटलं नाही, आणि प्रत्यक्ष ‘नाहीसं’ झालं ते एका ग्रॅमपेक्षा कमी. समीकरणाने हे गणित सुटतं. पण जमाखर्च लिहिता आला म्हणजे दुकान काढता येतं असं नाही.

हे शक्य आहे, असं कागदावर पहिल्यांदा नीट मांडलं ते मार्च १९४०मध्ये बर्मिंगहॅमला, ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोघांनी. बॉम्बला टनावारी युरेनियम लागेल अशी तोवर समजूत होती. शुद्ध युरेनियम-२३५ असेल तर किलोंत भागेल, हे त्यांनी दाखवलं. हे दोघे जर्मन मुलखातून आलेले, म्हणून इंग्रजांनी त्यांना रडारच्या गुप्त कामाजवळ फिरकू दिलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्याकडे असल्या फावल्या हिशोबांना वेळ होता!

प्रश्न : बॉम्बसाठी अमेरिकेने सरकारी खजिन्यातली चांदी वितळवली, असं माझ्या सराफ मित्राने सांगितलं. चांदीचा आणि अणूचा काय संबंध?

मित्राचं खरं आहे. फक्त ती उसनी आणली होती.

खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंत कामाचे २३५ जातीचे अणू जेमतेम सात. बाकीचे २३८. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊ, कुठल्याही आम्लाने वेगळे होत नाहीत. फरक वजनाचा, तोही सव्वा टक्क्याचा. त्यासाठी ओक रिजमधल्या एका कारखान्यात प्रचंड चुंबकं बसवली. विद्युतभारित युरेनियमची धार चुंबकातून वळवली की हलके अणू किंचित आतून वळतात, जड बाहेरून, आणि दोन खणांत वेगवेगळे पडतात. चुंबकाच्या वेटोळ्यांना तांबं हवं. पण युद्धात सगळं तांबं तोफगोळ्यांत चाललेलं. मग चांदी! वीज वाहण्यात ती तांब्याच्याही पुढे.

१९४२च्या ऑगस्टमध्ये बॉम्बप्रकल्पाचे कर्नल निकोल्स अर्थखात्यात गेले आणि काही हजार टन चांदी हवी म्हणाले. उपमंत्री डॅनियल बेल यांनी त्यांना ऐकवलं की, खजिन्यात आम्ही चांदीची भाषा टनात करत नाही, आमचं माप ट्रॉय औंस. हे तुमच्या सराफ मित्राला जरूर सांगा. त्यांना बेल साहेब आपलेसे वाटतील. अखेर सुमारे १३,३०० टन चांदी गेली. कापताना पडलेला कीससुद्धा गोळा केला जाई. शेवटचा हप्ता खजिन्यात परत पोचला १९७०मध्ये.

त्या यंत्रांसमोर उंच स्टुलांवर बसून चोवीस तास काटे सांभाळायच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुली. बहुतेकींचं शिक्षण शाळेपुरतं. आपण काय बनवतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. काटा या खुणेवर ठेवायचा, एवढं सांगितलेलं. चुंबकं अशी की केसांतल्या पिना ओढल्या जात. या यंत्रांचा शोध लावणारे अर्नेस्ट लॉरेन्स यांचे पदवीधर आणि या मुली यांच्यात कोण जास्त माल काढतं, याची निकोल्सनी पैज लावली. मुली जिंकल्या. शास्त्रज्ञ काटा हलला की का हलला ते शोधत बसत. मुली काटा जागेवर आणत. माझ्या प्रयोगशाळेत मी हे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी पाहिले आहेत आणि मला, खरं सांगायचं तर, पहिल्यांचाच लळा असे. पण युद्ध दुसऱ्यांनी चालवलं.

आणि मुळात ते युरेनियम आलं कुठून? मोठा भाग बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतून. खाण कंपनीचे प्रमुख एडगर सेंजिए यांनी जर्मनांच्या भीतीने १९४०मध्येच सुमारे १,२०० टन खनिज न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर आणून ठेवलं होतं. सप्टेंबर १९४२मध्ये निकोल्स त्यांच्या दारात पोचले, तोवर ते पिंपांत तसंच पडून होतं. जे हुडकायला माणसं जगभर फिरली असती, ते महानगराच्या एका गोदामात!

प्रश्न : दोन शहरांवरचे बॉम्ब वेगळ्या बनावटीचे का? एक सापडल्यावर दुसऱ्याचा उद्योग कशासाठी?

कोणता वेळेत जमेल हे माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही वाटा धरल्या. हिरोशिमाचा ‘लिटल बॉय’ म्हणजे एक तोफच होती. नळीच्या एका टोकाला युरेनियमचा एक भाग, दुसऱ्या टोकाला दुसरा. दारूने एक दुसऱ्यावर डागायचा. रचना इतकी खात्रीची वाटत होती की तिची पूर्ण चाचणी घेतलीच नाही. घ्यायची म्हटलं तरी दुसऱ्या बॉम्बपुरतं युरेनियम कुठे होतं?

नागासाकीच्या बॉम्बमध्ये प्लुटोनियम होतं. त्याचं तसं नाही. हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांत ते तयार होई, पण त्यात २४० क्रमांकाचा एक भाऊ मिसळलेला असतो. तो आपणहून फुटत राहतो. तोफेत दोन तुकडे जवळ येईपर्यंतच अणू फुटण्याची साखळी सुरू होणार आणि बॉम्ब फुसका जाणार. १९४४च्या जुलैत हे स्पष्ट झालं आणि प्लुटोनियमच्या तोफेवरची वर्षभराची मेहनत बाजूला ठेवावी लागली. उरला एकच उपाय : गोळ्याभोवती सगळीकडून स्फोटकं लावून तो आतल्या आत दाबायचा.

सांगायला सोपं. पाण्याने भरलेला फुगा दोन्ही तळव्यांत दाबून बघा. तो बोटांच्या फटीतून बाहेर येतो. कुठेच फट न ठेवता, एकाच क्षणी, सर्व बाजूंनी सारखा दाब द्यायचा होता. म्हणून जलद आणि मंद जळणाऱ्या स्फोटकांचे ३२ ठोकळे, भिंगासारखे घडवलेले. त्यांत हवेचा बुडबुडा राहिला तरी लाट वाकडी. या कामाचे प्रमुख जॉर्ज किस्टियाकोव्स्की चाचणीच्या थोडे दिवस आधी रात्रभर दातांच्या डॉक्टरचं यंत्र घेऊन त्या स्फोटकांतल्या पोकळ्या कोरत आणि भरत बसले होते. त्यांनी ओपेनहायमरशी पैज मारली : माझा महिन्याचा पगार विरुद्ध तुझे दहा डॉलर, हे फुटणार. फुटलं. जवळजवळ २१,००० टन टीएनटीइतकं. किस्टियाकोव्स्की पैसे मागायला गेले तेव्हा ओपेनहायमरच्या पाकिटात काहीच नव्हतं.

प्रश्न : नागासाकीऐवजी दुसरंच शहर ठरलं होतं, आणि एका मंत्र्याने मधुचंद्राच्या आठवणीमुळे क्योटो वाचवलं, हे खरं का?

पहिलं खरं. दुसऱ्यातलं निम्मं.

९ ऑगस्टला पहिलं लक्ष्य होतं कोकुरा. तिथे शस्त्रास्त्रांचा मोठा कारखाना होता. मेजर स्वीनी यांचं विमान कोकुरावर पोचलं तेव्हा खाली ढग आणि धूर. शेजारच्या याहातावर आदल्याच दिवशी आगीचे बॉम्ब पडले होते. डोळ्यांना लक्ष्य दिसल्याशिवाय टाकायचं नाही, असा हुकूम होता. तीन घिरट्या घातल्या, तिन्ही फुकट. विमानातला एक पंप बिघडलेला, त्यामुळे राखीव टाकीतलं इंधन असून नसल्यासारखं. मग तोंड वळवलं नागासाकीकडे. तिथेही ढग होते. एका फटीतून खालचं दिसलं आणि ११ वाजून २ मिनिटांनी उराकामी खोऱ्यावर स्फोट झाला. ठरलेल्या बिंदूपासून ती जागा तीनेक किलोमीटर दूर. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण वर्गात कुणी उच्चारली की मला कोकुरा आठवतं. पण म्हणीत तो काळ परत जातो. इथे तो पुढच्या गावी गेला.

क्योटोचं नाव यादीतून युद्धमंत्री स्टिमसन यांनी काढलं, लष्कराचा आग्रह असतानाही, आणि थेट अध्यक्ष ट्रूमन यांच्यापर्यंत जाऊन. मधुचंद्राचं मात्र पाहा : स्टिमसन यांचं लग्न १८९३चं, क्योटोचा मुक्काम १९२६चा. तेहतीस वर्षांनी कसला मधुचंद्र?

प्रश्न : जपान अणुबॉम्बमुळेच शरण आला ना? कृपया हो किंवा नाही असं उत्तर द्यावं.

हो-नाहीचे प्रश्न मी परीक्षेतही कधी घातले नाहीत. ८ ऑगस्टला सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ९ला जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात फौजा घुसल्या. त्याच सकाळी टोकियोत सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली. बातमीनंतरही, कोणत्या अटींवर शरण जायचं यावर मंडळात तीन विरुद्ध तीन. कोंडी फोडली ती सम्राटाने. १५ ऑगस्टला रेडिओवरून जनतेला उद्देशून केलेल्या भाषणात त्याने नव्या, क्रूर बॉम्बचा उल्लेख केला. दोन दिवसांनी सैनिकांसाठी काढलेल्या आज्ञेत बॉम्बचा शब्द नाही, रशियाचा आहे. एकाच माणसाने दोन ठिकाणी दोन कारणं दिली. तुम्हीच सांगा, गुण कुणाला देऊ?

प्रश्न : हिरोशिमातल्या दगडावर माणसाची सावली उमटलेली आहे. तो माणूस क्षणात वाफ झाला, असं मुलांना सांगितलं तर बरोबर ठरेल का?

सांगू नका. सावली खरी आहे. स्फोटाच्या खालच्या बिंदूपासून २६० मीटरवर एका बँकेच्या पायऱ्या होत्या. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला बँक उघडायची वाट बघत कुणीतरी तिथे बसलं होतं. स्फोटाच्या झगझगाटाने भोवतालचा दगड भाजून पांढुरका पडला. माणसाने जेवढा झाकला, तेवढा मूळ रंगाचा राहिला. म्हणजे ती सावली हा माणसाचा अवशेष नाही. उलट, तिथे दगडाला काही झालं नाही, अशी ती जागा आहे.

शरीरात बरंचसं पाणीच असतं आणि ते सगळं वाफ व्हायला फार ऊर्जा आणि वेळ लागतो. झळ टिकली काही सेकंद. तिने माणसं भयंकर भाजली, पण हवेत विरली नाहीत. १९४५ संपेपर्यंत एकट्या हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं गेली. बरीचशी तासांनी, दिवसांनी, आठवड्यांनी. पाणी मागत, केस गळत. ‘वाफ झाली’ म्हटलं की हे सगळं एका क्षणात आटोपल्यासारखं वाटतं.

प्रश्न : चेर्नोबिल अजून ओसाड आहे, मग हिरोशिमात लोक राहतात कसे?

मी स्वतः तिथे गेले होते तेव्हा हाच प्रश्न घेऊन गेले होते, शिक्षिका असूनही! उत्तर मुख्यतः दोन आकड्यांत आहे. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये युरेनियम होतं ६४ किलो. चेर्नोबिलच्या भट्टीत होतं सुमारे १९० टन. त्यात हिरोशिमाचा स्फोट सहाशे मीटर उंचीवर झाला. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, त्यामुळे किरणोत्सारी कचरा बराचसा वर गेला आणि पांगला. खाली माती-लोखंडात न्यूट्रॉनमुळे जो किरणोत्सार निर्माण झाला, तो अल्पजीवी होता. मॅंगनीज-५६ अडीच-पावणेतीन तासांत निम्मं होतं, सोडियम-२४ पंधरा तासांत. १७ सप्टेंबरला मोठं वादळ आलं. त्याने हिरोशिमा प्रांतात आणखी दोन हजारांहून अधिक बळी घेतले आणि शहरही धुऊन काढलं.

म्हणजे धोका नव्हता असं नाही. पहिल्या दिवसांत नातेवाइकांना शोधायला शहरात शिरलेले लोक आजारी पडले. काही भागांत काळा, किरणोत्सारी पाऊस पडला. त्या पावसात भिजलेल्या ८४ जणांना बाधित म्हणून मान्यता द्या, असा निकाल हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने दिला तो थेट जुलै २०२१मध्ये.

मला तिथे सगळ्यांत जास्त हलवलं ते ट्रामनी. ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या दोन ट्राम बॉम्बमधून वाचल्या आणि अजून धावण्याजोग्या आहेत. स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी मार्गाचा एक तुकडा सुरू झाला होता. पुरुष लढाईवर गेल्यामुळे त्या काळी ट्राम चालवायच्या शाळकरी मुली. ओक रिजला काटे सांभाळणाऱ्या त्यांच्यापेक्षा फार मोठ्या नसतील. थांब्यावर मी दोन गाड्या मुद्दाम सोडल्या, जुनी येते का पाहायला. आली नाही.

प्रश्न : तिसरा बॉम्ब तयार होता का?

जवळजवळ. प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी १० ऑगस्टला वर कळवलं की १७-१८ ऑगस्टनंतर पुढचा बॉम्ब टाकता येईल. त्याच दिवशी ट्रूमनचा निरोप आला : माझ्या स्पष्ट हुकमाशिवाय आता नाही. त्या बॉम्बसाठी घडवलेला ६.२ किलोचा प्लुटोनियमचा गोळा लॉस अलामॉसलाच राहिला. २१ ऑगस्टला हॅरी डॅघलियन या तरुण शास्त्रज्ञाच्या हातून प्रयोग करताना त्या गोळ्यावर एक जड वीट पडली. क्षणभर साखळी सुरू झाली आणि त्या किरणोत्साराने पंचवीस दिवसांनी तो गेला. नऊ महिन्यांनी, २१ मे १९४६ला, त्याच गोळ्यावरचं अर्धगोल झाकण स्क्रूड्रायव्हरने उचलून धरताना लुई स्लोटिनचा हात घसरला. तो नऊ दिवस जगला. नंतर गोळा वितळवून त्याचं प्लुटोनियम दुसऱ्या बॉम्बांत वापरलं.